फाल्गुनातली आग, मृगातला मासा

वणव्यात मासा मरत नाही. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती मनाला फार सोयीची पडते. फाल्गुन-चैत्रात परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरच्या डोंगरात गवत पेटतं. येलदरी धरणाच्या बाजूला रात्री उभं राहिलं तर एखाद्या टेकडीच्या अंगावर आगीची वाकडीतिकडी रेघ वर सरकताना दिसते. खाली धरणाचं पाणी जिथल्या तिथे असतं आणि त्यात मासा सुखरूप असतो. तो मरतो जूनमध्ये. मृगाचा पहिला जोरदार पाऊस उघड्या पडलेल्या टेकडीवर कोसळतो, उरलीसुरली राख आणि वरची माती घेऊन ओढा काळसर होऊन उतरतो आणि ओढ्याच्या तोंडाशी, उथळ पाण्यात, लहान मासे पांढरी पोटं वर करून कडेला लागतात. तोवर काडी ओढणारा विसरलेला असतो आणि आग पाहणाराही. सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे आणि पेरणीकडे. पाऊस आला त्या दिवशी मेलेले मासे बघत बसणाऱ्याला लोक अशुभच म्हणणार.

आग आणि मासा यांच्यामध्ये जे हे तीन महिने पडतात त्यांनी मला बरंच छळलं आहे. माझ्या आतला न्यायाधीश फक्त हातोहात घडलेल्या गुन्ह्यांची दखल घेतो, हे मला त्यांच्यामुळे कळलं. दगड मारला आणि काच फुटली, की तो ताडकन उठतो. काच तीन महिन्यांनी फुटणार असेल तर तो कूस बदलून झोपतो. आणि नदीची बहुतेक कामं उशिराचीच असतात.

मी गळ टाकतो. पोटासाठी नाही, हौसेसाठी. हे आधी सांगायला हवं, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यातलं माझं वजन किती हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. माझी रविवारची जागा येलदरीच्या फुगवट्यावर आहे. पूर्णा लांबून येते. कन्नडच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेत उगम पावून जालना, बुलढाणा करत ती जिंतूर तालुक्यात शिरते आणि इथे 1968 साली पूर्ण झालेल्या धरणात थांबते. इथून पुढे हिंगोलीतलं सिद्धेश्वर, आणि शेवटी पूर्णा गावाच्या पुढे कंठेश्वरला गोदावरी. धरणाच्या काठाला जे डोंगर आहेत त्यांना डोंगर म्हणणं हा परभणीकरांचा अभिमान झाला. साताऱ्याचा माणूस त्यांना टेकाडं म्हणेल. वर मुरूम, त्यावर बोटभर माती, तिच्यात कुसळी आणि पवन्याचं गवत, मधूनमधून पळस, धावडा, सीताफळ. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आमची गणना होते. त्यामुळे इथे वणवा लागला तरी वर्तमानपत्रात त्याला जागा मिळत नाही. जळायला आहेच काय, असा साधारण भाव.

वणवा आणि मासा यांच्याबद्दल मी जे वाचलं ते बहुतेक ट्राउट या माशाच्या नद्यांबद्दलचं. ट्राउट मी कधी धरलेला नाही. महाराष्ट्रात तो नाहीच. काश्मीरच्या ओढ्यांत 1900 च्या सुमारास इंग्रजांनी तो आणून सोडला, निलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या भागात त्याहून वेगळे प्रयत्न झाले. आमच्या पाण्यात मे महिन्यात तो तासभरही जगणार नाही, कारण त्याला थंडगार, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 11 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांवर तो साडेसातपर्यंत घसरतो. पण ट्राउटच्या नद्या आणि वणवे यांच्याबद्दल मी अधाशासारखं वाचत गेलो. तिथल्या लोकांनी हे तीन महिन्यांचं कोडं आपल्याआधी सोडवलं आहे. 2022 च्या जुलैअखेरीस उत्तर कॅलिफोर्नियात मॅकिनी नावाचा वणवा लागला. काही दिवसांतच त्या जळक्या उतारांवर मुसळधार पाऊस झाला. राख, माती, लाकडं यांचा लोंढा क्लॅमथ नदीत उतरला आणि पाण्यातला प्राणवायू जवळजवळ शून्यावर आला. कित्येक किलोमीटरच्या पट्ट्यात हजारो मासे मेले. ते शोधून जगाला सांगितलं तिथल्या कारुक या आदिवासी जमातीच्या मत्स्यविभागाने. 2012 मध्ये न्यू मेक्सिकोत एवढा मोठा वणवा लागला की गिला ट्राउट या दुर्मीळ माशाचा एक वंश वाचवण्यासाठी पाऊस पडायच्या आत ओढ्यातले मासे पकडून हेलिकॉप्टरने दुसरीकडे हलवले. आग विझत आली होती, मासे जिवंत होते, तरी हलवले. त्या माणसांना माहीत होतं की मरण अजून यायचं आहे.

राख पाण्यात गेली की नेमकं काय होतं? ती बारीक असते आणि कल्ल्यांत अडकते. ती अल्कधर्मी असते. तिने पाण्याचा सामू वाढवला की पाण्यात असलेला अमोनिया माशाला विषारी होणाऱ्या रूपात येतो. तिच्यासोबत आलेला पालापाचोळा कुजताना प्राणवायू खातो. उतारावरचं गवत गेल्यामुळे पाऊस मुरत नाही, धावतो. काठची झुडपं जळाली असतील तर ओढ्याचं पाणी उन्हात तापतं. मोठ्या जंगलातल्या वणव्यात तर मातीच्या वरच्या थरात मेणासारखा लेप बसून ती पाणी झिडकारायला लागते.

इथे मला स्वतःला थांबवावं लागतं. आमच्या टेकाडांवरचा वणवा तसला नसतो. वाळलेलं गवत भुर्रकन पेटतं, आग काही मिनिटांत पुढे निघून जाते, मातीचा वरचा पापुद्राच काय तो तापतो. मेणाचा लेप बिप फारसा होत नसणार. आणि येलदरी हे काही डबकं नव्हे, कोट्यवधी घनमीटर पाण्यात एका ओढ्याची राख कुठल्या कुठे विरून जाते. मी हे सगळं लिहिताना माझ्या रागाला मोठा आकार मिळावा म्हणून परदेशातले मोठे वणवे उसने आणतो आहे की काय, असा मला संशय येतो. यलोस्टोनमध्ये 1988 साली राष्ट्रीय उद्यानाचा तिसरा हिस्सा होरपळला, तरी बहुतेक ओढ्यांतले मासे पुढच्या काही वर्षांत सावरले. हेही मी त्याच बैठकीत वाचलं. पण कोणाशी बोलताना मी क्लॅमथ सांगतो, यलोस्टोन सांगत नाही. तक्रार करणाऱ्याला आपल्या बाजूचे साक्षीदार आपोआप आठवतात.

तरीही एक गोष्ट आमच्याकडची खास आहे आणि ती वाईट आहे. ट्राउटच्या नदीत पूर केव्हाही येऊ शकतो. आमच्या ओढ्यांना जो पहिला पूर येतो त्यालाच मासा चढतो. वर्षभर धरणात, डोहात दबून बसलेला गाभोळीचा मासा पहिल्या गढूळ पाण्याच्या वासाने प्रवाहाविरुद्ध निघतो. ओढ्यात, नाल्यात, पार शेतात साचलेल्या पाण्यापर्यंत जातो आणि उथळ जागी अंडी टाकतो. चढणीचा मासा म्हणतात तो हाच. म्हणजे डोंगरावरची राख खाली येण्याचा आणि मादी वर जाण्याचा मुहूर्त एकच. आगीने मुद्दाम ठरवून वेळ साधली असती तरी इतकी साधता आली नसती. खोल पाण्यातला मोठा मासा निसटतो. मरळ तर हवेतून श्वास घेऊ शकते, ती चिखलातही तग धरते. सापडतात ते लहान खवल्ये, नुकतं अंडं फोडून निघालेलं पिल्लू आणि काठाला चिकटून असणारी बारीक जात.

गेल्या पावसाळ्यात असेच कडेला लागलेले मासे बघत मी एका भोई मामांना विचारलं होतं, हे कशानं मेले. मामा टायरच्या ट्यूबवर बसून जाळं झाडत होते.

“पहिलं पानी हाय, मास्तर. पहिल्या पान्यात मरतेतच.”

“डोंगर जळला म्हणून का?”

“डोंगर तं दरसाल जळतंय.”

मी त्यावर बराच काळ काही बोललो नाही. दरवर्षी जे घडतं ते कारण म्हणून कोणी मोजत नाही, हे त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर तो सगळा राखेचाच प्रताप होता असं मीही म्हणणार नाही. त्याच पहिल्या पाण्यात कपाशीच्या रानातली खतं आणि औषधं उतरतात, गावाची गटारं धुतली जातात. राखेला एकटीला आरोपी करणं सोपं आहे, कारण ती काळी दिसते. युरिया दिसत नाही.

मामांच्या हिशेबात या मेलेल्या माशांना जागा नव्हती, आणि ते बरोबर होतं. धरणातल्या मासेमारीचा धंदा उभा आहे तो सोडलेल्या बीजावर. कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली पावसाळ्यात सोडतात, ती वाढते, तिच्यावर संस्थेचा ठेका आणि घरची चूल चालते. बोटुकली येते तोवर पहिलं काळं पाणी बहुतेक ओसरलेलं असतं. मेलेला मासा असतो तो बिनभावाचा, टोपलीच्या तळाला जाणारा. त्याला तराजू नाही, ठेका नाही, संस्था नाही. मग त्याच्याबद्दल वाईट वाटून घ्यायचं काम राहतं माझ्यासारख्या रिकामटेकड्याकडे.

आता मूळ प्रश्न. मला वाईट वाटतं ते नेमकं कशाचं?

मी स्वतःला उलटसुलट विचारून पाहिलं. पहिलं उत्तर आलं ते छान होतं: जिवांचं. पण मी गळाला गांडूळ लावतो तेव्हा ते वळवळतं, त्याचं मला काही वाटत नाही. मासा काठावर आणल्यावर तो धापा टाकतो तेव्हा मी फोटो काढतो. तेव्हा जिवांचं, हे उत्तर फार टिकलं नाही. दुसरं उत्तर निघालं ते असं, की ओढ्याच्या तोंडाची ती जागा माझी आहे. जून-जुलैत तिथे मरळ आणि शिंगाळा मिळतो, सोबत घरून आणलेली भाकरी असते, फोन लागत नाही. राख तिथेच उतरते. म्हणजे माझा रविवार नासतो. हे उत्तर ऐकायला बरं वाटलं नाही, पण ते हललं नाही, जागेवरच बसून राहिलं. तिसरंही एक होतं आणि ते मला सगळ्यात कमी आवडलं. मला रागावायला आवडतं. लोकांना काही कळत नाही, मला कळतं, असं म्हणायला मेलेला मासा हे उत्तम निमित्त आहे.

यात खरं दुःख अजिबात नाही असं नाही. आहे. पण ते या दोन-तीन गोष्टींत इतकं मिसळलंय की वेगळं काढायला गेलो तर हाताला थोडंसंच लागतं.

अमेरिकेत मोंटाना राज्यात ट्राउट धरणाऱ्यांवर एक बंधन असतं. नदीचं पाणी सलग तीन दिवस 73 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 23 सेल्सिअसला पोचलं की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ बंद. कारण तापलेल्या पाण्यात दमलेला मासा धरून परत सोडला तरी तो जगत नाही. नदीवर संकट आलं की पहिल्यांदा हौशी माणसाने हात आवरायचा, हा त्यातला विचार मला आवडला. मग लगेच आठवलं ते आपलं मे महिन्यातलं. पाणी घटलेलं, ऊन बेचाळीस-त्रेचाळीसचं, उरलेल्या डोहात मासा पहाटे पृष्ठभागावर तोंडं उघडून हवा घेत असतो. असा मासा धरायला काही कसब लागत नाही. त्या दिवसांत माझ्या ओळखीचे सगळे हौशी गळवाले डोहावर असतात, मीही असतो. घरी आलो की म्हणतो, आज चांगला मासा लागला. आमच्या जिल्ह्यात मला दुपारी दोनला उठवणारा कायदा नाही. तो असता तर मी त्याच्यावर चिडलो असतो, हेही मला माहीत आहे.

काडी कोण ओढतं, याचं उत्तर शोधायला मी फार लांब गेलो नाही. डोंगरात शेळ्या राखणारा एक म्हातारा मला दरवर्षी भेटतो. त्याने पेटवलं की नाही, हे मी त्याला कधी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. पण गवत का जळावं हे त्याने मला नीट समजावून दिलं होतं. कुसळी वाळली की तिची कुसळं शेळीच्या तोंडात, जिभेखाली रुततात, जनावर चरायचं सोडतं. जुनं जळलं की वळवाच्या एका सरीवर खालून हिरवं फुटतं, आणि चैत्र-वैशाखात ते हिरवं म्हणजे जिवाचा आधार. त्याच्या दारात चारा विकणारं दुकान नाही. 1927 च्या वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे. वनखात्याचा आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून असा धरला जातो, त्याआधी जाळरेषा काढतात, म्हणजे ठरावीक पट्टे आधीच जाळून साफ करतात. वर उपग्रह फिरतात आणि कुठे आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाचा संदेश कर्मचाऱ्याच्या फोनवर येतो. एवढं सगळं त्या म्हाताऱ्याच्या काडीपेटीवर नजर ठेवून आहे. माझाही राग त्याच्यावरच होता. तो दिसतो. त्याच्या पायात चप्पल फाटकी असते आणि त्याच्यावर रागावलं तर तो उलटून बोलत नाही.

क्लॅमथची गोष्ट मी वर अर्धीच सांगितली. ज्या कारुक लोकांचे मासे मेले ते स्वतः पिढ्यान्‌पिढ्या डोंगर पेटवत आलेले लोक आहेत. थोडा, थंडाव्यात, ठरवून, तुकड्यातुकड्याने. टोपल्या विणायला लागणारे कोवळे फुटवे, फळं, शिकार, सगळं त्या आगीवर अवलंबून होतं. सरकारने ती बंद पाडली, जंगलात वाळकं साचत गेलं आणि मग मोठं पेटायला लागलं, असं ते सांगतात, आणि आता तिथलं सरकारी खातंही त्यांचं ऐकू लागलं आहे. म्हाताऱ्याच्या आगीला मी कारुकांच्या आगीइतकी शहाणी म्हणणार नाही. आमच्या टेकाडांवर दरवर्षी जळतं, अख्खा उतार जळतो आणि नेमका पावसाच्या तोंडावर उघडा पडतो. पण त्याच्या काडीमागे कारण आहे, त्याची मला माहिती आहे, आणि तरी मी त्याला अडाणी म्हणत होतो.

याच काळात पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, दादा कसतो त्या आमच्या घरच्या रानात काय होतं? ऊस तुटून गेला की हेक्टरी आठ-दहा टन पाचट पडतं. खोडवा ठेवायचा असतो, पाणी द्यायचं असतं, उंदीर लागतात, मजूर मिळत नाही, कुट्टीचं यंत्र वेळेवर येत नाही. संध्याकाळी वारा पडला की एक काडी. रान अर्ध्या तासात काळं. चैत्रात धुरे साफ करायचे म्हणून धुऱ्यावरचं गवत पेटवायचं, तो धूर गावावर दोन-दोन दिवस तरंगतो. 2022 च्या उन्हाळ्यात तर मराठवाड्यात कारखान्यांनी वेळेत तोड दिली नाही म्हणून लोकांनी उभा ऊसही पेटवून दिला. या सगळ्याला मी कधी वणवा म्हटलं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पाचट जाळू नका, सरीत दाबा असं वर्षानुवर्षं सांगतात. आमच्या घरात त्याचं पुस्तकही आहे.

आणि इथे माझ्या विवेकाचा नकाशा मला स्वच्छ दिसला. जिंतूरच्या डोंगरातली राख येलदरीत उतरते, तिथे मी गळ टाकतो, म्हणून ती पाप. पाथरीच्या रानातली राख ओढ्याने गोदावरीत जाते, तिथे मी गळ टाकत नाही, म्हणून ती शेती. माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पाणलोट क्षेत्र आहे, आणि त्याची हद्द माझ्या बसायच्या दगडापाशी आखलेली आहे. म्हाताऱ्याला मी नाव ठेवलं ते त्याने जाळलं म्हणून नव्हे. त्याच्या जाळण्याची किंमत मला पडली म्हणून. दादाच्या जाळण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला पडते. गंगाखेडच्या, धनगर टाकळीच्या बाजूला गोदाकाठी जो कोणी जाळं टाकत असेल त्याला. त्याचा चेहरा मी कधी डोळ्यांपुढे आणलाच नव्हता.

जिंतूरपासून जवळच नेमगिरीची जैन गुंफामंदिरं आहेत. त्या टेकडीला वळसा घालूनच मी कितीदा धरणाकडे जातो. पाठीवर गळाची काठी घेऊन. जिंतूरमधले एक जैन स्नेही मला गमतीने म्हणतात की तुम्ही अहिंसेच्या दारावरून हिंसेला जाता. त्यांच्याकडून मी प्रतिक्रमणाबद्दल ऐकलं. दिवसभरात चालताना, बोलताना, कळत-नकळत कोणकोणत्या जिवाला दुखावलं ते संध्याकाळी आठवून मागे फिरायचं. त्यांच्या मोजणीत गांडूळ दोन इंद्रियांचं, मासा पाच इंद्रियांचा, आणि पाणी आणि अग्नी हेसुद्धा जीव, एका इंद्रियाचे. म्हणजे माझ्या एका रविवारात एक, दोन आणि पाच इंद्रियांचे सगळे आले. त्याहून मला धक्का बसला तो त्यांनी दाखवलेल्या एका यादीने. गृहस्थाने करू नयेत अशा पंधरा उद्योगांची ती यादी आहे. बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त तिचं विवेचन केलं आहे. तिच्यात रानाला वणवा लावणं आणि तळी-सरोवरं आटवणं हे दोन्ही उद्योग शेजारी शेजारी येतात. आणि वणवा लावण्यामागची कारणं काय, तर जुनं गवत जाळलं की गुरांना नवं फुटतं, शेत चांगलं पिकतं. शेळीवाला म्हातारा आणि दादा, दोघंही त्यात आठशे वर्षांपूर्वीच बसवलेले होते. कारण खरं असलं तरी करणी यादीतून सुटत नाही, आणि करणी यादीत असली तरी कारण खोटं ठरत नाही, दोन्ही गोष्टी त्या यादीने शेजारी ठेवल्या आहेत. मला मात्र आजवर एकच पुरत होती. म्हाताऱ्याची करणी आणि दादाचं कारण.

मी जैन नाही, मांसाहारी आहे, आणि मासेमारी सोडायचा माझा विचार नाही. हे लपवून पुढचं लिहिलं तर ते खोटं होईल. भोई मामांच्या जाळ्यासमोर माझ्या गळाने धरणातला मासा कमी होत नाही, हेही खरं. पण चढणीचा मासा वेगळा. तो पोटात हजारो अंडी घेऊन येतो. त्या दिवसांत ओढ्यावर साड्या, मच्छरदाण्या, घमेली घेऊन अख्खं गाव उतरतं, आणि मीही दोन-तीन मासे आणतो. तव्यावर परतलेली गाभोळी मला अतिशय आवडते. जगातल्या मोजक्या चवींत मी ती धरतो. राखेने शंभर पिल्लं मेली म्हणून हळहळणारा मी, त्याच आठवड्यात एका ताटलीत काय खातो याचा हिशेब मी कधी मांडला नव्हता. तो मांडायला गणित येण्याची गरज नव्हती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी दादाशी पाचटाचा विषय काढला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पाचटाचं त्याने कबूल केलं. यंत्र मिळालं तर कुट्टी करू, नाही मिळालं तर एकाआड एक सरीत दाबून बघू, म्हणाला. यंत्राचं भाडं कोण देणार, हे त्याने विचारलं आणि ते मी देतो म्हणालो. आवाजात जरा मोठेपणा आला असावा, कारण वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

“आणि धुरा?” मी विचारलं.

“धुरा नाही पेटवत यंदा,” दादा म्हणाला. “पण मग तू मृगात गाभोळीचा मासा धरायचा नाही.”

“अरे, ते दोन-तीन मासे. त्यानं काय होतंय?”

“माझाही एकच धुरा आहे.”

वहिनी हसल्या. मी विषय बदलून कापसाच्या भावाकडे नेला. फेब्रुवारीला अजून अवकाश आहे, आणि आम्ही दोघांनीही एकमेकांना अजून शब्द दिलेला नाही.